आधी खडूच्या रेघा बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाणेरमधल्या एका छोट्या कंपनीत तुम्ही प्रॉडक्ट मॅनेजर आहात, हाउसिंग सोसायट्यांसाठी ॲप बनवता, टीम नऊ जणांची. रहिवासी ॲपवर तक्रारी नोंदवतच नाहीत. संस्थापकांना त्यावर चॅटबॉट हवाय, डिझायनरला फॉर्म छोटा करायचाय, सपोर्टवाल्या ताईंच्या मते नोटिफिकेशन वाढवली की झालं. "आधी नेमकी समस्या काय ते ठरवू या" असं तुम्ही म्हणालात की सगळे माना डोलावतात आणि दहाव्या मिनिटाला परत स्क्रीन काढायला लागतात. तर टीमने मिळून समस्या ठरवायची कशी, त्याला वेळ किती द्यायचा, आणि वरचा माणूस उपाय हातात घेऊनच मीटिंगला आला तर काय करायचं?

मला या धंद्यात एकोणीस वर्षं झाली. पहिली सहा हिंजवडीत कोड लिहिण्यात गेली, नंतरची प्रॉडक्टमध्ये. उत्तर देण्याआधी माझीच एक फजिती सांगतो, कारण पुढचं सगळं तिथूनच शिकलोय.

भोसरी आणि चाकणच्या छोट्या वर्कशॉपना आम्ही उत्पादनाची नोंद ठेवायचं ॲप विकायचो. गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी ही मंडळी. दहा-बारा सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी), दोन शिफ्ट, मालक सकाळी आठपासून हजर. आमची कल्पना अशी की प्रत्येक ऑपरेटरने दर तासाला टॅब्लेटवर आकडे टाकायचे: किती पीस झाले, किती रिजेक्ट, मशीन किती वेळ बंद. मालकाला केबिनमध्ये बसून ग्राफ दिसणार. डेमोला मालक खूश. तीन महिन्यांनी नोंदी आटायच्या आणि वर्ष संपलं की गिऱ्हाईकही जायचं.

आमच्या ऑफिसातल्या बोर्डवर समस्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती: 'ऑपरेटरला डेटा एंट्री अवघड जाते.' ते वाक्य कोणी लिहिलं आठवत नाही. बहुतेक मीच. त्या वाक्यावर आम्ही चार महिने काम केलं. बटणं मोठी केली. सगळं मराठीत आणलं. मग कोणीतरी म्हणालं, बोलून नोंद करता आली पाहिजे. जिथे शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, तिथे टॅब्लेटला ऐकू यावं म्हणून आम्ही दीड महिना घालवला. प्रत्येक बदलानंतर पंधरा दिवस नोंदी वाढायच्या आणि परत खाली यायच्या.

शेवटी एक गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अहो, तुम्ही एकदा सेकंड शिफ्टला येऊन बसा ना." मग मी, आमची डिझायनर आणि बॅकएंडचा एक मुलगा असे तिघं भोसरीला गेलो. दुपारी साडेतीनपासून रात्री बारापर्यंत एका मशीनपाशी स्टूल टाकून बसलो.

टॅब्लेट होता. पॉलिथिनच्या पिशवीत घालून खांबाला तारेने बांधलेला. त्याच्या चार्जरवर सुपरवायझरचा मोबाइल लावलेला. ऑपरेटर मशीनमधून जॉब, म्हणजे तयार झालेला पीस, काढायचा, एअर गनने धातूचा कीस उडवायचा, गेज लावून माप बघायचा, ट्रेमध्ये ठेवायचा, आणि मशीनच्या पत्र्यावर खडूने एक रेघ मारायचा. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. हात कूलंटने, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याने, भिजलेले असले तरी खडू चालतो.

म्हणजे नोंद होत होती. आमच्या टॅब्लेटपासून चार फुटांवर, दर पीसला, न चुकता. ज्याला डेटा एंट्री अवघड जाते असं आम्ही बोर्डवर लिहिलं होतं, तो माणूस आमच्यापेक्षा नीटनेटकी एंट्री करत होता.

साडेअकराला सुपरवायझर रजिस्टर घेऊन आला. बॅकएंडच्या मुलाने रेघा आधीच मोजल्या होत्या: २१२. रजिस्टरमध्ये गेले १९६. आम्ही एकमेकांकडे बघितलं, बोललो काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की ऑफिसातल्या मॅडम रजिस्टर बघून ते १९६ टॅब्लेटवर चढवतात, आणि ॲप तासातासाचा आकडा मागतं म्हणून त्याला आठने भागतात. २४, २५, २४, २५. मालक महिनोन्‌महिने जो ग्राफ बघत होता तो तसा सपाट का होता, ते तेव्हा उमगलं.

सोळा पीस गेले कुठे? चहाच्या टपरीवर ऑपरेटरने सांगितलं, फार आढेवेढे न घेता. टार्गेट १९५ चं. "आज दोनशे बारा लिहिले की उद्या दोनशे बाराच मागणार. उद्या इन्सर्ट तुटलं, मटेरियल कडक आलं, तर कुठून आणू?" इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं पातं. सोळा पीस त्याने उद्यासाठी बाजूला ठेवले होते. सुपरवायझरला ते माहीत होतं, कारण वाईट दिवशी बोलणी त्यालाही बसतात. एंट्री सोपीच होती हो. खरा आकडा टाकणं महाग होतं.

आता मालकाकडे बघा, कारण पैसे तो देत होता. संध्याकाळी पाचला कंपनीच्या स्टोअरमधून फोन यायचा, माल कधी निघतोय? मालक फोन कानाला लावून इन्स्पेक्शन टेबलापर्यंत चालत जायचा, क्रेट मोजायचा आणि अंदाजाने काहीतरी सांगायचा. अंदाज चुकला की टेम्पो अर्धा रिकामा जायचा, नाहीतर रात्री दुसरा टेम्पो करावा लागायचा. कुठल्या ऑपरेटरने अकरा ते बारामध्ये किती पीस केले याची त्याला त्या वेळी काडीचीही गरज नव्हती. तपासून पास झालेले किती, एवढंच हवं होतं. आणि तो एक आकडा आमच्या सतरा स्क्रीनमध्ये कुठेच नव्हता.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हेच.

परत आल्यावर मी एक गोष्ट केली, जी तुम्ही येत्या आठवड्यात करावी असं मला वाटतं. टीममधल्या अकराही जणांना एकेक कोरा कागद दिला आणि म्हटलं, आपण कोणती समस्या सोडवतोय ते लिहा. दहा मिनिटं, बोलायचं नाही, नाव घालायचं नाही. कागद गोळा करून वाचले तेव्हा त्यात सात वेगवेगळ्या समस्या निघाल्या. सेल्सच्या मते मालकाला बड्या कंपनीच्या ऑडिटसाठी रिपोर्ट हवेत. टेस्टिंगवाल्याच्या मते वायफाय तुटतं. एकाने तर लिहिलं होतं, 'आपलं ॲप महाग आहे.' एका बोर्डाखाली बसून चार महिने आम्ही सात प्रश्न सोडवत होतो, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये सगळ्यांनी 'हो' म्हटलं होतं.

तुमच्या टीमच्या माना डोलावण्याचा अर्थही माझ्या मते हाच आहे. त्यांना समस्या ठरवण्याचा कंटाळा आलेला नाही. प्रत्येकाच्या डोक्यात ती आधीच ठरलेली आहे, आणि बाकीच्यांच्याही डोक्यात तीच आहे असं प्रत्येकाला वाटतंय. त्यामुळे 'समस्या ठरवू या' हे त्यांना झालेलं काम परत करायला सांगितल्यासारखं वाटतं. तोंडी चर्चेत हा फरक कधीच वर येत नाही, कारण पहिला बोलणारा जे शब्द वापरतो तेच पुढचे सगळे उचलतात. त्यातून आपल्याकडे सरांनी एक म्हटल्यावर समोरासमोर दुसरं म्हणायला जीभ रेटत नाही. कागदावर, निनावी, ती बरोबर रेटते. चिठ्ठ्या वाचायला टीममधल्या सगळ्यात नवीन मुलाला किंवा मुलीला बसवा. वरिष्ठांनी शेवटी बोलायचं.

मग त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: पाहिलंय, ऐकलंय, वाटतंय. लिहिणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असेल तर पहिला ढीग. गिऱ्हाइकाने किंवा सेल्सने सांगितलेलं असेल तर दुसरा. बाकी सगळं तिसऱ्यात. आमचा पहिला ढीग भोसरीला गेलेल्या तिघांच्या चिठ्ठ्यांचाच होता, तिसरा भला मोठा. पुढचा आठवडाभर काम एकच: तिसऱ्या ढिगातली महत्त्वाची चिठ्ठी पहिल्यात आणायची, नाहीतर फाडायची. इथे वादावादी आपोआप कमी होते. 'मला असं वाटतं' विरुद्ध 'मला तसं वाटतं' या भांडणाला अंत नसतो, पण 'चला, बघून येऊ' यावर फारसं कोणी भांडत नाही.

जाताना डेव्हलपरला न्याच. संशोधन करून आलेल्या माणसाने नंतर स्लाइडवर दाखवणं आणि खडूच्या रेघा स्वतः मोजणं यात फार अंतर आहे. आमच्या त्या बॅकएंडच्या मुलाने पुढे वर्षभर 'पण हे टेबलापाशी उभ्या माणसाला जमेल का' हे इतक्यांदा विचारलं की आम्ही त्याला चिडवायचो.

तिथे गेल्यावर काय बघायचं? हाताने लिहिलेलं काहीही. वही, खडू, काचेखालचा कागद, कॉम्प्युटरला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी, कॅलेंडरवरचे आकडे, खास त्याच कामासाठी काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप. जिथे माणसाने स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून ठेवलंय तिथे व्यवस्थेत भोक आहे आणि ते त्याने बुजवलंय. आपल्या गावात तर याची सोयच आहे. पुणेरी पाट्यांना सगळे हसतात, पण 'गेटसमोर गाडी लावू नये' ही नुसती सूचना आणि 'गाडी लावून पाच मिनिटांत येतो म्हणणाऱ्यांनीही लावू नये' ही पाटी यातला फरक बघा. दुसऱ्या पाटीत कोण, कधी, कुठली सबब सांगून, सगळं आलं. लिहिणाऱ्याने तो माणूस पाहिलेला आहे.

विचारायचं काय? 'तुम्हाला काय हवंय' हे तर मुळीच नाही. त्यावर लोक भलेपणाने एखादं फीचर सांगतात आणि तुम्ही ते मान खाली घालून लिहून घेता. 'मागच्या वेळी हे झालं तेव्हा काय केलंत? मग? मग कोणाला फोन केला?' एवढंच धरून राहा. माणूस भविष्याबद्दल बोलताना आदर्श वागतो, कालच्याबद्दल बोलताना खरं सांगतो.

समस्या कागदावर उतरवताना मी एकच कसोटी लावतो, पण कडक लावतो. वाक्य 'नाही'वर संपत असेल आणि त्या 'नाही'च्या आधी आपण बनवू शकतो अशी वस्तू असेल, तर ते खोडायचं. 'डॅशबोर्ड नाही', 'चॅटबॉट नाही', 'रिमाइंडरची सोय नाही'. ही समस्या नव्हे, उपायाला उलटं टांगलंय फक्त. चांगल्या वाक्यात माणूस असतो, वेळ असते, तो आज कसं भागवतो ते असतं, आणि त्या भागवण्यात काय जातं तेही. आमचं भोसरीचं वाक्य शेवटी असं झालं: 'संध्याकाळी पाचला कंपनीचा फोन येतो तेव्हा पास झालेले पीस किती हे मालकाला जागेवरून सांगता येत नाही, तो टेबलापर्यंत जाऊन क्रेट मोजतो आणि अंदाज सांगतो, चुकला तर टेम्पोचं भाडं अंगावर येतं.' लांबलचक आहे, पोस्टरवर शोभणार नाही. पण अकरा जणांनी ते वाचून अकरा वेगळी चित्रं डोळ्यांसमोर आणली नाहीत, हे काम त्याने केलं. आणि हो, यातही 'येत नाही' आहेच, पण तिथे न जमणारी गोष्ट माणसाची आहे, न बनलेली वस्तू नाही.

'कोणाची समस्या' हा भाग टीम सगळ्यात घाईने उरकतात. 'युजर' असं लिहून मोकळे होतात. जयपूर फूटची गोष्ट मला यासाठी आवडते. १९६८ मध्ये जयपूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय तयार केला. कृत्रिम पाय त्याआधीही मिळत होते. पण ते बूट घालून सपाट जमिनीवर चालणाऱ्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी घडवलेले होते. आपल्याकडचा माणूस अनवाणी शेतात उतरतो, चिखलात चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. त्याच्यासाठी 'पाय नाही' ही समस्या अपुरी होती. 'पाय बसवला तरी उकिडवं बसता येत नाही, चिखलात जाता येत नाही' ही खरी होती. समस्येचं वाक्य बदललं, त्याबरोबर रबराचा, वाकणारा, बुटाशिवाय चालणारा पाय आला.

अलीकडचं बघायचं तर कुठल्याही किराणा दुकानात जा. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि क्यूआर कोड हळूहळू सगळीकडे चिकटले. पैसे जमा होण्यात अडचण नव्हती. अडचण अशी की गल्ल्यावर पोऱ्या, मोबाइल मालकाच्या खिशात, समोर पाच गिऱ्हाइकं, हाताला पीठ, आणि एखादा बहाद्दर जुनाच स्क्रीनशॉट दाखवून निघून जातो. मेसेज तर येत होताच. पण तो बघायला डोळे आणि हात मोकळे नव्हते, कान मोकळे होते. म्हणून ती बोलणारी डबी आली. 'पेमेंटची माहिती उशिरा मिळते' असं कोणी लिहिलं असतं तर टीमने मेसेज आणखी जलद केला असता आणि दुकानदाराचे हात पिठातच राहिले असते.

पाच वेळा 'का' विचारायची पद्धत तुम्ही ऐकली असेल. टोयोटाची. तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण भोसरीतला कुठलाही माणूस ओळखेल: मशीन बंद पडली, कारण लोड जास्त होऊन फ्यूज उडाला, लोड का, तर बेअरिंगला वंगण पुरेसं नाही, वंगण का नाही, तर पंप नीट ओढत नाही, का, तर पंपाचा शाफ्ट झिजलाय, का झिजला, तर गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून थांबला असता तर पुढच्या महिन्यात परत तिथेच. पद्धत चांगली आहे, पण मशीनवर जितकी चालते तितकी माणसांवर चालत नाही. माणसांच्या बाबतीत तिसऱ्या 'का'ला हमखास 'त्यांना ट्रेनिंग कमी पडतं' किंवा 'त्यांची मानसिकताच तशी' असं उत्तर येतं आणि सगळे समाधानाने वही मिटतात. उत्तर कोणाच्या आळसावर किंवा अकलेवर येऊन थांबलं तर समजा की अजून खाली जायचंय. ऑपरेटर आळशी आहे, या उत्तरापर्यंत आम्ही ऑफिसात बसून आरामात पोचलो होतो.

आता उलट बाजू. सगळ्याच गोष्टींना हा सोहळा लागत नाही. सर्व्हर पडलाय तेव्हा चिठ्ठ्या लिहायला बसू नका. जे दोन दिवसांत करून बघता येतं आणि फसलं तर दोन तासांत काढता येतं, ते करून टाका. कायद्याने करावंच लागणारं काम असेल तर त्यात समस्या शोधत शब्दांचा कीस पाडू नका. माझा ढोबळ हिशोब असा: तीन महिन्यांचं काम असेल तर दोन आठवडे समस्येला, त्याहून जास्त नाही. आठवड्याचं असेल तर अर्धा दिवस. दोन आठवड्यांनीही वाक्यावर एकमत होत नसेल तर बहुधा तुमच्यापुढे दोन समस्या आहेत, एक निवडा आणि दुसरी तारखेसह बाजूला लिहून ठेवा.

शिवाय समस्या आधी पूर्ण ठरते आणि मग उपाय सुरू होतो, असं स्वच्छ कधीच घडत नाही. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन अभ्यासकांनी १९७३ मध्ये नगरनियोजनाच्या संदर्भात हे मांडलं होतं की काही समस्या अशा असतात, ज्यांची व्याख्याच तुमच्या मनातल्या उपायावर अवलंबून असते. मला याचा अनुभव इन्स्पेक्शन टेबलापाशी आला. आम्ही कागदावर पेनने काढलेली स्क्रीन तपासणी करणाऱ्या बाईंना दाखवली. त्यात 'वेळ' असा रकाना होता. त्या म्हणाल्या, "इथे वेळ कशाला? मी क्रेट भरला की टॅग लावते, टॅगवर नंबर असतो." टॅगबद्दल त्या रात्री आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. चुकीचा उपाय समोर ठेवला तेव्हा समस्येचा उरलेला तुकडा हातात आला. तेव्हा स्क्रीन काढायला धावणाऱ्या तुमच्या डिझायनरला अडवू नका. कागदावर काढू द्या, आणि ती चित्रं मंजुरीसाठी संस्थापकांकडे न नेता प्रश्न म्हणून वापरणाऱ्याकडे न्या.

आमच्या गोष्टीचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे फार गोड शेवट वाटायला नको. नोंद इन्स्पेक्शन टेबलापाशी नेली, दर क्रेटला एक, ऑपरेटरचं नाव नाही. तीन आठवड्यांचं काम. बहुतेक ठिकाणी ते टिकलं. दोन मालकांनी मात्र हट्टाने ऑपरेटरचं नाव चालू करून घेतलं, कारण त्यांच्या दृष्टीने कोण किती काम करतो हीच समस्या होती. पैसे ते देत होते, आम्ही करून दिलं. महिनाभरात तिथले आकडे परत २४, २५, २४, २५ व्हायला लागले. त्यांना ते पटवून देणं मला आजतागायत जमलेलं नाही.

आता संस्थापकांचा चॅटबॉट. मीटिंगमध्ये त्यावरून भांडू नका. त्यांचा उपाय हा पुरावा समजा, त्यामागे त्यांनी काहीतरी पाहिलेलं किंवा ऐकलेलं असतं. एकटे भेटा आणि विचारा, "समजा चॅटबॉट झाला, उत्तम चालला, सहा महिने झाले. सोसायटीत गेलो तर काय वेगळं दिसेल?" ते म्हणतील, सेक्रेटरींना रात्री-बेरात्री फोन येणार नाहीत. झालं. ती चिठ्ठी, त्यांच्याच तोंडून. मग तिलाही ढीग विचारा: कुठल्या सेक्रेटरींनी सांगितलं, मागचा फोन कसला होता? मनोवैज्ञानिक गॅरी क्लाइन यांची एक युक्तीही इथे कामाला येते: काम सुरू व्हायच्या आधीच समजायचं की ते सपशेल फसलंय, आणि प्रत्येकाने लिहायचं की का फसलं. उत्साही माणसाला शंका विचारली की तो चिडतो, पण हा खेळ तो मजेने खेळतो.

कधीकधी मात्र उत्तर वेगळंच येतं. चॅटबॉट गुंतवणूकदाराला दाखवायचा असतो. तसं असेल तर तसंच लिहा. तीही समस्या आहे, तिलाही माणूस आणि तारीख आहे, आणि ती डेमोपुरतं करून सुटते. रहिवाशांच्या नावाखाली ती सहा महिने ओढत नेली की टीमला वास येतोच.

तुमच्या ॲपबद्दल माझा अंदाज विचाराल तर तो तिसऱ्या ढिगात ठेवा, कारण तुमच्या सोसायट्या मी पाहिलेल्या नाहीत. मी जिथे राहतो तिथे लोक तक्रार करतात, भरपूर करतात. नळ गळला की इंटरकॉमवर वॉचमनला सांगतात, प्लंबर अर्ध्या तासात येतो, संपलं. त्यांना ॲपची गरजच पडत नाही. वरच्या मजल्यावरून बाथरूमची गळती असली तर मुद्दाम नोंदवत नाहीत, कारण ॲपवर टाकलं की कमिटीला दिसणार आणि वरच्यांशी वाकडं येणार. लिफ्ट बंद पडली तर दुसऱ्या कोणीतरी सांगितलंच असेल असं धरून चालतात. या तीन निराळ्या गोष्टी आहेत. एकीत काही करायचीच गरज नाही, दुसरीत फॉर्म छोटा करून काडीचा फरक पडणार नाही, आणि तिसरीत तक्रारीपेक्षा 'लिफ्टवाल्याला कळवलंय, चारपर्यंत येतोय' हे सगळ्यांना दिसणं जास्त कामाचं.

येत्या शनिवारी सकाळी दोन सोसायट्यांच्या ऑफिसात जाऊन बसा, एक मोठी, एक वीस-पंचवीस फ्लॅटची. मॅनेजरची वही मागून बघा, त्याला ती दाखवायला आवडते. मग गेटवर जा. वॉचमनच्या टेबलावर काचेखाली प्लंबरचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर असेल. त्यातल्या प्लंबरला फोन लावायला सांगा आणि विचारा, या सोसायटीतून शेवटचा फोन कधी आला होता आणि कोणाचा.